सुगिनोसावाची फुलं अजून उमलली नाहीत

२९ मार्च

पोहोचलो. दीड दिवस विमानात गेला, पण पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. तपासणीच्या टेबलापाशी एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "आजोबा, यात काय आहे?" मी म्हणालो, "बायको." त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि कागदपत्रं न बघताच मला सोडलं. आमच्या देशाची ही रीत पन्नास-पंचावन्न वर्षं ब्राझीलमध्ये पेरूची बाग करूनही माझ्या मनातून गेली नाही.

वीस वर्षांपूर्वी याच दिवसांत आम्ही दोघं आलो होतो. फुमीची ती एकच वारी. तेव्हाही हेच मित्र होते: तिचा भाऊ कोहेई, जो शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आणि आमच्या मागच्या बाकावरचा मिनोबे. त्या वेळी सुगिनोसावा गावात, तिच्या माहेरच्या सावागुची घराण्याच्या थडग्यापाशी, फुमीने भावाला विचारलं होतं, "दादा, मी मेले की मला इथे आईशेजारी ठेवशील?" लग्न झालेल्या मुलीची जागा सासरच्या थडग्यात असते. पण मी धाकटा मुलगा, परदेशी गेलेला. माझं थडगं कुठलं? कोहेईने दगडावर हात ठेवून "ठेवीन" म्हटलं होतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. अर्धी राख आमच्या बागेजवळच्या दफनभूमीत आहे, अर्धी या पेटीत.

या नवीन वर्षाला कोहेईचं छापील पत्र आलं. "वय झालं, हात चालत नाही, तेव्हा यंदापासून शुभेच्छापत्रं थांबवत आहोत. लोभ असावा." खाली ओळ होती: "वसंतात इकडे येणं झालं तर अवश्य भेटावं." मी त्याच दिवशी उत्तर टाकलं, की येतो, फुमीला घेऊन येतो.

विमानतळावर कोहेई, त्याची बायको नोबुए आणि मिनोबे, तिघंही आले होते. मिनोबे तर गावाहून आपली जुनी गाडी घेऊन रात्रभर खाली आलाय. मला बघून तिघंही आधी पेटीकडे आणि मग एकमेकांकडे बघत राहिले. म्हातारपणी भावना अशा दाटून येतात. मग मिनोबेच ओरडला, "काय कविराज! अजून जिवंत?"

३१ मार्च

कोहेईच्या मुलाचा फ्लॅट लहान आहे. मी बैठकीत झोपतो. सकाळी चहा घेताना म्हणालो, "मग, गावाला कधी निघायचं?"

कोहेईने टीव्हीकडे बोट दाखवलं. नकाशावर उमललेल्या चेरीच्या फुलांची गुलाबी रेघ दक्षिणेकडून वर सरकत होती. "सुगिनोसावा अजून बर्फात आहे. तिथली फुलं उमलायला महिना लागेल."

"बर्फात तिला ठेवणार का तू?" मिनोबे म्हणाला. "त्यापेक्षा खालून सुरुवात करू. योशिनो, मग ताकातो, मग आयझु. फुलं चढतील तसे आपण चढू. मागच्या वेळी हाच रस्ता धरला होता ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा प्रवास, तोही सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी, माझ्यासाठी! नोबुए वहिनी मात्र भांडी आवरायला उठल्या. त्या पहिल्यापासून बोलायला तुटक.

५ एप्रिल, योशिनो

डोंगर पायथ्यापासून पांढरा झाला आहे, शिखराकडे अजून तपकिरी. आमचे ओनोदेरा गुरुजी चौथीत याच डोंगरावरचं स्वतःचं कडवं म्हणून घ्यायचे. चाळीस पोरं एका सुरात:

डोंगरावरची फुलं म्हणाली, थांब जरा, थांब जरा;
पायथ्याची म्हणाली, झालं आता, निघ घरा.

मी मधल्या टप्प्यावर उभा राहून म्हटलं. दोन-चार यात्रेकरूंनी टाळ्या वाजवल्या. मिनोबे म्हणाला, "कविराज, गुरुजी वारले, शाळा बंद पडली, वर्गाच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या, तरी तुझं कडवं काही मरत नाही."

"शाळा बंद पडली?"

"नऊ वर्षं झाली. पोरंच नाहीत रे. गावात आता माणसं किती आणि कबरी किती, तर कबरी..." एवढं बोलून तो थांबला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला. त्याच्या बुटांना नाडी नाही.

मिनोबे जन्मभर पाथरवट. गावातल्या दोन पिढ्यांची नावं त्याने दगडात कोरली. सावागुचींच्या दगडावरचं सासूबाईंचं नावही त्याच्याच छिन्नीचं. त्याला म्हटलं, "फुमीचं नाव तूच कोरायचंस हं." तो म्हणाला, "हात थरथरतो आता." हात काही थरथरत नव्हता. डोंगराच्या वळणांवर गाडी त्याने एका हाताने चालवली.

१० एप्रिल, ताकातो

इथली फुलं जरा जास्त लाल. किल्ल्याच्या पुलावर गर्दी. मागच्या वेळी याच पुलावर फुमी म्हणाली होती, "आईला हे दाखवायला हवं होतं." सासूबाईंना तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्याआधी अकरा वर्षं त्यांना दिसत नव्हतं. पण बायकांचं मन. मी तिला कडव्याच्या दोन ओळी म्हणून दाखवल्या तेव्हा ती गप्प झाली.

दुपारी कोहेईला म्हटलं, "देवळातल्या भिक्षूंना फोन करून ठेवू या. ऐनवेळी कुठे गेलेले असले तर?"

"माझा फोन उतरलाय."

"मिनोबेचा घे."

"इथे रेंज नाही," मिनोबे म्हणाला. पाच मिनिटांनी त्याच फोनवर तो नातीशी हसत होता.  त्याला आधी नातीशी बोलायचं असेल.

१४ एप्रिल, आयझु

गरम पाण्याच्या झऱ्याजवळच्या उतारघरात राहिलो आहोत. एक गोष्ट रोज बघतो. सकाळी मी कुंडातून अंघोळ करून येतो तेव्हा पेटीसमोर चहाची वाटी आणि चमचाभर गरम भात ठेवलेला असतो. पहिल्यांदा वाटलं, उतारघरवाल्यांची पद्धत असेल. आज दाराआडून पाहिलं तर नोबुए वहिनी. वाटी ठेवली, हात जोडले, पुटपुटल्या, "वन्सं, गार व्हायच्या आत घ्या." बहुधा सवय. इतकी वर्षं घरातल्या देव्हाऱ्यापाशी हेच करत आल्या आहेत.

पण जेवताना मात्र त्या बोचऱ्या झाल्या. मी सांगत होतो, की तिकडच्या स्मशानात हाडं वेचून देत नाहीत, सगळं दळून पीठ करून देतात, म्हणून पेटी एवढी हलकी. वहिनींनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"म्हणजे सगळ्यात शेवटी वेचतात ते गळ्याचं हाडही नाही?"

"नाही."

"सासूबाईंचं मी वेचलं होतं. दोघांनी एकेक काडी धरून उचलायचं असतं ना, भावोजी? एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला लेकीने असायला हवं होतं. शेजारची बाई आली."

"नोबुए," कोहेई म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतेय? भात घ्या, भावोजी."

त्या वर्षी आम्हाला यायचंच होतं. पण फेब्रुवारीत पेरू ऐन काढणीला आला होता. पेरू माणसासाठी थांबत नाही. फुमीला मी समजावलं होतं. तिला समजलंही होतं, कारण नंतर तिने तो विषय कधी काढला नाही.

१९ एप्रिल, किताकामी

नदीकाठी मैलभर झाडांची रांग, डोक्यावर फुलांचं छत. मिनोबे आणि वहिनी डबे आणायला गेले. कोहेई आणि मी चटईवर. तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणारा मुलगा होता तो. अजून तसाच.

"तेइजी," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. गेल्या शरदात मी..."

नेमकी वाऱ्याची झुळूक आली आणि पाकळ्यांचा असा काही वर्षाव झाला, की मी त्याचा हात धरला. "थांब, थांब! बोलू नकोस! आधी हे बघ!" आणि मी उभा राहून संपूर्ण कडवं म्हटलं, पाठांतराच्या स्पर्धेत म्हणायचो तसं, हातवाऱ्यांसकट. संपल्यावर विचारलं, "हं, काय सांगत होतास?"

"काही नाही," तो म्हणाला. "गेल्या शरदात गुडघा फार दुखला."

आता बरा आहे म्हणतो. किती साधा माणूस! गुडघ्याचं सांगायलाही त्याला एवढा वेळ लागतो.

२३ एप्रिल, काकुनोदाते

इथली झुकत्या फांद्यांची झाडं निम्मी गळून गेली. काळ्या कुंपणांच्या कडेला पाकळ्यांचा चिखल. इथून सुगिनोसावा दीड तासावर. मी गाडीत बसून राहिलो. "आता अजून वर कुठे जायचं राहिलंय?" विचारलं. मिनोबेने आओमोरीचं नाव काढलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "पुरे झालं. परवा गावाला जाऊ. आणि तुम्हा दोघांना तोंड उघडता येत नसेल तर मी उघडीन."

मिनोबेने गाडी सुरू केली. मला वाटतं, तिघंही दमले आहेत.

२५ एप्रिल, सुगिनोसावा

जसं घडलं तसं लिहितो. 

देवळाची चढण मी सर्वांच्या पुढे चढलो. सावलीत बर्फाचे पट्टे होते. पायऱ्या संपल्या की डावीकडे वळायचं, तिसरी रांग, सीडर झाडाखाली. वळलो. सीडर होतं. त्याच्या खाली खडी पसरलेली. स्वच्छ, करडी, सारखी केलेली खडी. चौकोन तेवढाच. दगड नाही.

मला वाटलं रांग चुकली. मागे गेलो, पुन्हा मोजली. मग मागून वहिनींचा आवाज आला.

"रांग तीच आहे, भावोजी. थडगं आम्ही मोडलं. गेल्या ऑक्टोबरात."

मी कोहेईकडे पाहिलं. तो खडीकडे बघत होता.

"भिक्षूंनी मंत्र म्हणून दगडातला जीव काढून घेतला," तो म्हणाला. "रीतसर केलं सगळं. आईची, आजोबांची, सगळ्यांची हाडं देवळाच्या सामाईक तळघरात ओतली. मी शहरात, पोरगा शहरात. पोरगा म्हणाला, बाबा, तुमच्यानंतर गवत कोण उपटणार? त्याचं चुकलं का, सांग."

"आणि दगड?"

कोहेईची नजर मिनोबेकडे गेली. मग मला कळलं. मिनोबेकडे वळलो. "तू?"

"दुसऱ्या कुणाला करू द्यायला हवं होतं का?" तो ओरडलाच. "बाहेरचा माणूस यंत्र आणून तोडून नेतो! मी दोरी लावून हळू उतरवला. एकट्याने. दोन दिवस लागले."

"पत्रात लिहिलं असतं तर!" मी कोहेईला म्हणालो. "वसंतात ये म्हणून तूच लिहिलंस!"

"ती ओळ छापखान्यातली आहे रे," कोहेई हळूच म्हणाला. "नमुना क्रमांक सहा. साठ जणांना गेली. आला फक्त तू."

मी काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. लबाड म्हटलं. महिनाभर फुलं दाखवत फिरवलंत, म्हटलं, लहान पोराला गोळी दाखवून दवाखान्यात नेतात तसं. फुमीला दिलेला शब्द दगडासारखाच उपटून टाकलास, म्हटलं. कोहेईने मान खाली घालून ऐकून घेतलं. वहिनींनी नाही घेतलं.

"शब्दाचं तुम्ही बोलू नका," त्या म्हणाल्या. "वन्संची पत्रं यायची. सासूबाईंना दिसत नव्हतं तेव्हा मीच वाचून दाखवायचे. खाली कायम एकच ओळ. 'पुढच्या वसंतात येऊ, असं हे म्हणतात.' एकतीस वर्षं, भावोजी. शेवटी शेवटी मी ती ओळ वाचणंच सोडलं. तर सासूबाई विचारायच्या, 'वसंताचं काही लिहिलं नाही का गं या वेळी?' मग पुन्हा वाचायचे. त्यांना न्हाऊ घालताना, कूस बदलताना, अकरा वर्षं मी तो तुमचा वसंत ऐकला."

मी म्हणालो, बाग होती, कर्ज होतं, प्रवास महाग होता.

"होतं ना. सगळंच होतं. आमच्याकडेही होतं. म्हणून तर मोडलं."

देवळातले भिक्षू गडबड ऐकून बाहेर आले. तरुण आहेत, चष्मा लावतात. त्यांनी आम्हाला आत बसवून चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, की तळघराचं झाकण उघडता येईल. फुमीला तिथेच ठेवता येईल, आईसोबत. वेगळं भांडं नसतं, सगळे एकत्र, आणि एकदा ओतलं की परत काढता येत नाही. कोहेईची संमती लागेल. कोहेईने लगेच सहीऐवजी मारायचा आपला शिक्का काढला. तो खिशातच होता.

"उद्या सकाळी नऊला," भिक्षू म्हणाले.

दुपारी मिनोबेच्या घरी. मागच्या छपराखाली तो दगड पाहिला. मोडून खडी करायला द्यायचा असतो, त्याने दिला नव्हता. पालथा ठेवला होता, खाली पेंढा. "यात जीव नाही आता," तो म्हणाला. "नुसता दगड आहे. पण मला फोडवेना."

२६ एप्रिल

सगळं लिहितो, म्हणजे पुढे आठवणीत घोळ व्हायला नको.

नऊला सगळे जमलो. देवळामागे चढावर ते तळघर, वर एक लहान सपाट झाकण, शेजारी झुकत्या फांद्यांचं एकच झाड. मिनोबेने पहार घातली, झाकण सरकलं. खाली अंधार आणि गार हवा. भिक्षूंनी मंत्र सुरू केला. नोबुए वहिनींनी घरून शिजवून आणलेला भात आणि चहाची वाटी काठावर ठेवली. मग त्या गुडघ्यांवर बसल्या आणि आत वाकून, जणू आत कोणी बहिरं माणूस निजलं आहे अशा आवाजात म्हणाल्या, "सासूबाई, आल्या हो वन्सं."

मी पेटीचं पांढरं फडकं सोडलं. आतली पिशवी बाहेर काढली. एवढीशी. मी सहज वर पाहिलं. झाडावर नुसत्या कळ्या होत्या. लालसर, घट्ट, मुगाच्या दाण्याएवढ्या.

"अजून उमललं नाही," मी म्हणालो.

भिक्षू थांबले. "दोन-तीन दिवस लागतील," ते म्हणाले.

"मग असं कसं? तिला फुलांची केवढी आवड. कोरड्या फांदीखाली तिला ओतून जायचं?"

"अरे, मग राहा तीन दिवस!" मिनोबे म्हणाला. पहार त्याच्या हातात होती. "माझ्याकडे राहा. झाकण काय, पुन्हा उचलीन. दहा वेळा उचलीन."

मी म्हणालो, तिकीट परवाचं आहे. आणि मे महिन्यात पेरूची छाटणी असते. गड्यांवर सोडून भागत नाही. भलत्या फांद्या छाटतात.

कोहेई पुढे आला. या महिन्याभरात त्याने पहिल्यांदा पेटीला हात लावला. "तेइजी, माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. पाया पडतो. आई खाली आहे. आत्ता झाकण उघडं आहे."

त्याने डोकं जमिनीला टेकवलं. मिनोबेने तोंड फिरवलं. खरं सांगतो, माझ्या मनात राग नव्हता. नुसती घाई वाटत होती. फसवून दाखवलेल्या महिनाभराच्या फुलांनंतर ऐन ठिकाणी एकही फूल नाही, हे मला पटेना. योग्य वेळी योग्य गोष्ट करावी. मी पिशवी परत आत ठेवली आणि फडक्याची गाठ मारली. गाठ नीट बसेना, तर वहिनींनी पुढे होऊन मारून दिली.  भाताची वाटी मात्र त्यांनी उचलली नाही, तशीच काठावर राहू दिली.

झाकण सरकवताना दगडाचा आवाज झाला.

२८ एप्रिल, विमानतळ

निरोपाला तिघंही आले. काही झालं तरी आमची माणसं रीत सोडत नाहीत. कोहेईने प्रवासासाठी डबा दिला. मिनोबेने कागदात गुंडाळलेली एक वस्तू हातात ठेवली. उघडून पाहिलं, दगडाचा अंगठ्याएवढा तुकडा, एक बाजू गुळगुळीत. "मागचा कोपरा आहे," तो म्हणाला. "नावाचा नाही." मी म्हणालो, पुढच्या खेपेला नाव कोरायचंय, हात सांभाळ. त्याने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "कविराज, तू एकोणऐंशीचा आहेस." त्याला हिशेब कधीच आला नाही, या वेळी मात्र बरोबर होता.

वहिनींना वाकून नमस्कार केला. त्यांनीही केला, पण माझ्या छातीपाशी धरलेल्या पेटीला. मान वर करायला त्यांना फार वेळ लागला.

आता खिडकीजवळची जागा मिळाली आहे. मनातली कटुता जाईल हळूहळू. शब्द मोडला तो त्यांनी, मी नाही. मी तिला इथवर आणलं. शेजारच्या बाईने विचारलं, पेटी वर ठेवू का? नको म्हटलं. मघाशी विमानतळावरच्या टीव्हीवर ती गुलाबी रेघ दिसली होती. आज ती नेमकी सुगिनोसावावरून जात होती.

पेटी जरा हलवून नीट मांडीवर घेतली. फडक्याची गाठ घट्ट आहे. फुमीला सांगितलं, मनाला लावून घेऊ नकोस, छाटणी होऊ दे, पेरू एकदा निघू दे. पुढच्या वसंतात येऊ.